ओल्या कापसाचं वजन

नागपूर,
२१ जानेवारी १९७४

प्रिय प्रेमा,

तुझं पत्र आणि तिळगुळाचा डबा दोन्ही पोचले. अनंताचा पुढचा दात पडला हे वाचून बाबा इतके हसले की खोकल्याची उबळ आली. पत्राच्या शेवटी तू नेहमीसारखं विचारलं आहेस, या रविवारी बाबांचं वजन किती? एरवी तो आकडा मी पहिल्याच ओळीत लिहिते. आज तो तिथे नाही म्हणून घाबरू नकोस, आधी सगळं वाच.

दसऱ्याला श्रीधरराव टाटानगरहून तो वजनकाटा घेऊन आले, तेव्हा बाबांनी त्याच्याकडे कसं पाहिलं होतं ते त्यांनी तुला सांगितलंच असेल. वजन-मापं निरीक्षक म्हणून ज्यांनी जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले, त्यांच्यापुढे हा काखेत मारून नेता येणारा, ताटाएवढा काटा! "हे खेळणं हाय का काटा?" एवढंच म्हणाले. जावईबापूंची गाडी सुटली आणि बाबांनी नत्थूजीच्या दुकानातून लोखंडी मापं हातगाडीवर आणवली. आधी मधोमध ठेवली, मग एकेका कोपऱ्यावर. सतरंजीवर काटा कमी दाखवतो, फरशीवर बरोबर, म्हणून देवघरासमोरची सपाट फरशी ठरवली. सुई शून्याच्या जरा पुढे होती, तर खालच्या स्क्रूला हलकासा पीळ दिला. मग कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "काटा खरा हाय, वच्छला. आता खोटं निघालं तर ते आपलंच."

त्यानंतर दर रविवारी आंघोळ झाली की त्याच धोतरावर ते त्याच फरशीवर उभे राहायचे आणि मी तुला आकडा कळवायची. पावसाळाभर त्यांचं अन्न सुटलं होतं, गाल बसले होते, ते तू पाहिलंच होतंस. दिवाळीच्या तोंडावर सुई वर सरकायला लागली. चेहरा भरला. शेजारच्या यमुताई फाटकातूनच ओरडल्या, "काय खाऊ घालून राहिल्या वं वच्छलाबाई? पुन्हा नवरदेव दिसून राहिले!" मी त्या दिवशी शिरा केला. त्यांच्या चपला पायाला घट्ट व्हायला लागल्या, तर मी सीताबर्डीवर जाऊन एक नंबर मोठ्या घेऊन आले, आणि ते तुला कौतुकानं कळवलं. तू लिहिलंस, आता जिवात जीव आला, अनंताची परीक्षा झाली की उन्हाळ्यात निवांत येते. मीच उलट लिहिलं, घाई करू नकोस.

गेल्या आठवड्यात दोन पायऱ्या चढून त्यांना धाप लागली, म्हणून रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मग मला म्हणाले की मूत्रपिंडं थकली आहेत. अंगावर चढलं ते मांस नाही, पाणी आहे. मांस आतून झडतंच आहे. मी वेड्यासारखी म्हणत राहिले, अहो पण काटा बरोबर आहे, यांनी स्वतः तपासलाय. डॉक्टर म्हणाले, काटा बरोबरच असेल बाई, पण तो फक्त भार सांगतो, कशाचा ते सांगत नाही. बाबा शर्टाची बटणं लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

परतताना कॉटन मार्केटपाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, रिक्षा अडकली. तू लहान असताना ते तुला तिथे न्यायचे, आठवतं? काटे तपासायला गेले तरी त्यांचा हात आधी गाडीत कोपरापर्यंत जायचा. वरून पांढराशुभ्र, कोरडा कापूस, आणि आत वजन वाढवायला पाणी मारलेलं. मूठभर काढून तुझ्या गालाला लावायचे, "पाह्य, थंडं लागते का?" ओला निघाला की ती गाडी वापस पाठवायचे. त्याच गाड्यांकडे पाहत म्हणाले, "मले दिवाळीतच समजलं होतं वं." मी विचारलं, मग काहून नाही सांगितलं? तर म्हणाले, "पोरगी किती खुशीत लिहून राहिली होती. अन् तू नव्या चपला घेऊन आली. कोणाची गाडी वापस पाठवू?" आणि हसले. रिक्षावाल्यालाही वाटलं असेल, म्हातारा काहीतरी गंमत सांगतोय.

आता पाणी उतरवायच्या गोळ्या चालू आहेत. सुई भरभर खाली येते आहे. काल पाठ चोळून देताना दंडाला हात लागला, माझी बांगडी त्यावर सहज चढेल. काट्यावरून उतरताना म्हणाले, "हा खरा माल."

आणि काल दुपारी त्यांनी मला सांगितलं, प्रेमाला मागचाच आकडा लिही, उन्हाळ्यापर्यंत तोच लिहीत राहा. प्रेमा, ज्या माणसानं सख्ख्या मावसभावाचा काटा जप्त केला, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला खोटं वजन लिहायला सांगितलं. मी ते लिहिणार नाही, म्हणून हे पत्र. डॉक्टर उन्हाळ्याचं बोलायला तयार नाहीत. परीक्षा राहू दे, अनंताला त्याच्या पडक्या दातासकट घेऊन नीघ. बाबा तुला बोलावणार नाहीत. पण आज सकाळी अंगणात उन्हाला बसले होते, तिथून मला म्हणाले, "प्रेमाची गादी उन्हात टाकजो वं, थंडीनं ओलसर झाली असन." मी टाकली. थोड्या वेळानं भिंतीला धरून उठले, उसवलेल्या शिवणीतून गादीत मनगटापर्यंत हात घातला, आणि बराच वेळ तसाच ठेवून म्हणाले, "कोरडी हाय."

वाट पाहते आहे. आम्ही दोघंही.

तुझीच,
आई