डावा खांदा जरा खाली

ती. दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. मी इथे ठणठणीत आहे, गुडघा सोडून. पण पत्र गुडघ्याने लिहायचं नसतं, तेव्हा त्याचं जाऊ दे. तुझं कसं चाललंय? चष्मा सापडला का? गेले आठ महिने तो हरवलाय म्हणतोस आणि माझी पत्रं तुझी लेक वाचून दाखवते. (मुली, कंसातलंही वाचायचं. मागच्या पत्रातले कंस तू गाळलेस, हे त्याच्या उत्तरावरून मला कळलं.)

पत्रास कारण असं, की वेबकॅम सुरू झाल्याचं सगळं श्रेय तुझी लेक स्वतःकडे घेते आहे अशी कुणकुण लागली. तेव्हा खरी हकिकत लेखी असलेली बरी. तिने तिचा जुना लॅपटॉप विंडोज काढून लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालून पाठवला, इतकंच तिचं कर्तृत्व. कॅमेरा माझा; आपला फोटो स्टुडिओ बंद केला त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने "काका, तुम्हीच ठेवा" म्हणून गळ्यात मारलेला. जोडला, तर ढिम्म. दिवासुद्धा लागेना. चौकशीअंती समजलं, की त्याला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे कॅमेऱ्याचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावून सांगणारा प्रोग्रॅम. कॅमेऱ्याच्या कंपनीने लिनक्ससाठी तो कधी केलाच नव्हता. मग कुठल्याशा गावातल्या एका गणिताच्या मास्तरांनी फावल्या वेळात तो स्वतः लिहिला आणि सगळ्यांसाठी उघडा ठेवला. उघडा म्हणजे आतली ओळन् ओळ कुणीही वाचावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी. आपण दोघांनी फिल्म धुण्याच्या डेव्हलपरचं प्रमाण सख्ख्या मेव्हण्याला कधी सांगितलं नाही, आणि हा गृहस्थ सगळं चव्हाट्यावर मांडून बसलाय! मला आधी त्याची काळजी वाटली, मग आदर वाटला.

मास्तर ईमेलने आज्ञा पाठवत आणि मी त्या काळ्या पडद्यावर टाइप करत असे. (डार्करूममध्ये चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला काळ्या पडद्याची भीती कसली?) तीन दिवस कॉम्प्युटर प्रत्येक आज्ञेला "अशी वस्तू अस्तित्वात नाही" असं उत्तर देत होता. मीही हटलो नाही. चौथ्या दिवशी हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर साक्षात मी! मास्तरांनी विचारलं, चित्र कसं दिसतंय? मी कळवलं, स्वच्छ, नितळ, अगदी जसं दिसायला हवं तसं.

आता तूच सांग, दादा. काळ्या कापडाखाली डोकं घालून आपण जन्मभर दुधी काचेवर जो माणूस पाहिला, तो डोकं खाली आणि खांदे वर असाच ना? कॅमेऱ्यात माणूस उलटाच दिसतो. सुलटा दिसला असता तर मी घाबरलो असतो. मास्तरांनी माझ्या शब्दावर विसंबून चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या यादीत नोंद केली, की हा कॅमेरा व्यवस्थित चालतो. आठवड्याभरात नऊ जणांच्या तक्रारी, की आम्ही छताला लोंबकळतोय. मास्तरांनी माझ्या पडद्याचा फोटो मागवला, आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "काका, आपण पूर्वी काय करत होता?"

एका ओळीत त्यांनी दुरुस्ती केली आणि खाली लिहिलं, चित्र उलटं येत असल्याचं (उशिरा) कळवल्याबद्दल स्टुडिओवाल्या काकांचे आभार. म्हणजे यापुढे जगात कुठेही हा कॅमेरा जोडला की माणसं सुलटी दिसणार, ती माझ्यामुळे. कंसातला शब्द मी मनावर घेत नाही.

दुरुस्तीच्या आधीचा, आपण कॅमेऱ्यावर भेटलो तो पहिला रविवार आठवतो ना? तू माझ्याकडे सुलटा दिसलास, तेव्हा मला वाटलं तुझा कॅमेरा हलक्या प्रतीचा असावा. तुझ्या पडद्यावर मी उलटा, मागे तुझी लेक पोट धरून हसतेय, आणि तू मात्र गंभीरपणे म्हणालास, "फोकस ठीक आहे. डावा खांदा जरा खाली घे." त्या वेळी मला केवढा अभिमान वाटला! तीन वर्षांनी तोंड पाहत होतो एकमेकांचं. मी लगेच खांदा खाली घेतला.

तुझा,
धाकटा

ता. क. तीन दिवस मी प्रत्येक आज्ञेतल्या दोन शब्दांमधली मोकळी जागा गाळत होतो. ते तुझ्या लेकीने फोनवरून ओळखलं. एवढं श्रेय तिला देतो.

आणखी ता. क. गेल्या रविवारी, चित्र सुलटं झाल्यावरही तू तेच म्हणालास, "डावा खांदा जरा खाली." तेवढ्यात माझं दूध उतू गेलं म्हणून मी उठून आत गेलो. परत येताना दारातून तुझा आवाज ऐकला, "हां, आता बरोबर. अस्साच राहा, हलू नकोस." दादा, खुर्ची रिकामी होती.

चष्मा हरवलेला नाही. मी खोदून विचारलं तेव्हा तुझी लेक रडली. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरांनी दोनदा ऑपरेशनची तारीख दिली, आणि "आता पाहायचं काय उरलंय" म्हणून दोन्ही वेळा तू गेला नाहीस. या वाक्याचा मला फार राग आला. मी उरलोय की! तिला तिसरी तारीख घ्यायला लावली आहे, येत्या गुरुवारची. गुडघा धड असता तर स्वतः येऊन तुला दवाखान्यात बसवलं असतं. हात जोडतो, जा.

पट्टी सुटल्यानंतरच्या रविवारी चार वाजता मी कॅमेऱ्यासमोर बसतो. मास्तरांची ती एक ओळ आता मला काढता-घालता येते. मी उलटा असेन की सुलटा, ते इथे लिहीत नाही. तू सांगायचंस.

(मुली, त्या दिवशी मागे उभी राहून हसू नकोस. त्याला आयतं कळेल.)