उरलेले छत्तीस कण

प्राग, शुक्रवार, ११ नोव्हेंबर

प्रिय ओता,

तू बरा असशील. ओलोमोउत्सच्या शाळेतली मुलं तुझा जीव खातात, असं तुझ्या बहिणीकडून कळलं. इथे धुकं आहे, ट्राम उशिरा येतात. येत्या बुधवारी मला विभागप्रमुख करायचं ठरतंय.

हे सांगायला पत्र लिहिलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तू बनवलेल्या नव्या पदार्थाची पूड आमची नवी सहकारी झ्देना पुन्हा तपासत होती. आपलं नेहमीचंच काम: एकेक कण इलेक्ट्रॉनांच्या झोतात फिरवायचा आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून रेणूतले अणू कुठे बसलेत ते काढायचं. तिने विचारलं, "बाई, कण फिरवलेत चाळीस आणि रचना काढलीत चारांवरून. बाकीचे छत्तीस?"

"त्यांचे ठिपके अंधूक होते."

"म्हणजे गोरेगोमटे तेवढे घरात घेतलेत!" ती हसली. मला हसता आलं नाही.

काल तिने ते छत्तीस एकत्र करून सोडवले. तुझाच रेणू निघाला, तू फळ्यावर काढायचास अगदी तसा. माझे चार कण पुडीत चुकून राहिलेल्या उपपदार्थाचे होते.

त्या चारांच्या जोरावर मी भर सभेत म्हणाले होते, "ओता, तू बनवलंस म्हणतोस ते यात नाहीच."

"एकदा पुन्हा बघ, ब्लांका."

"इलेक्ट्रॉन कुणाची मर्जी राखत नाहीत."

लोक हसले. तू तुझा शोधनिबंध मागे घेतलास, मग इथली नोकरीही सोडलीस.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. झ्देना तेच म्हणते. पण सभेच्या आदल्या दिवशी मी त्या अंधूक कणांपैकी सहांची मापं काढली होती. ती एकमेकांशी जुळत होती, माझ्या चारांशी नाही. वहीत मी लिहिलं, 'झोताने खराब झालेले.' खराब झालेले कण एकमेकांशी इतके जुळत नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तू खोटा पडावास असं मला वाटत होतं का? कालपासून स्वतःला विचारते आहे. छातीठोक 'नाही' म्हणता येत नाही.

त्या चार कणांवर मी छापलेला शोधनिबंध मागे घेत असल्याचं आज सकाळी नियतकालिकाला कळवलं. वहीतल्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे; संचालकांनाही दिली. ते म्हणाले, "बुधवारपर्यंत तरी थांबायचं ना, बाई!" बुधवारपर्यंत थांबले असते, तर पुढेही थांबतच राहिले असते.

माफी मागत नाही. मागितली की पुन्हा तुलाच काहीतरी द्यावं लागेल. पानाचा हवा तिथे उपयोग कर, माझ्याविरुद्धही.

दिसत असूनही न पाहणारी,
ब्लांका