डाव्या पंखाखालचा खळगा

३ एप्रिल, गुरुवार

धुळ्याहून चंदनचा फोन. म्हणाला, "काका, काल भाऊंनी मला विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात?" स्वतःच्या पोराला!   फोन ठेवायचं दोघांनाही सुचेना.

नथ्थूभाऊ माझे थोरले. दिवाळीत गेलो तेव्हा दारातूनच ओरडले होते, "ये जीव्या!" बाकीची नावं विसरत होते, सुनेला हाक मारताना अडत होते. पण माझं नाव पक्कं होतं.

आता काय? पोराला विसरले तर मी कोण!

४ एप्रिल

झोप नाही. सून कामिनी म्हणते, "आबा, जाऊन या ना आजच. जळगावहून बस तर सारख्या आहेत." तिला कसं सांगू — भीती वाटते. गेलो नाही तोवर ओळखतात असं धरून चालता येतं.

७ एप्रिल, सोमवार

चंदनचा पुन्हा फोन. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, याच म्हणतो. आमच्याकडची पद्धत अशी की आई-वडिलांची घागर थोरल्या भावाकडे भरायची, आणि निखाऱ्यावर पितरांचा घास टाकायचा — आगारी — तोही त्याच्याच हातचा. यंदा भाऊंना बसवता येईल असं वाटत नाही. "तुम्हीच आगारी टाका काका." हो म्हटलं. म्हणजे जावंच लागणार. 

मग दुपारी एक विचार आला. माणूस विसरला तरी वस्तू विसरत नसेल.

आम्ही लहान असताना मामा हवाई दलात होता, डाकोटा विमानांची देखभाल करायचा. एका सुटीत त्याने खोका आणला. आत प्लास्टिकचे सुटे भाग, जोडून तेच विमान करायचं. इथे असोद्यात असली वस्तू कोणी पाहिलेली नव्हती! त्याचा वेगळा डिंक लागतो हे आम्हाला काय माहीत. भाऊंनी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं. मी नुसता भाग हातात द्यायचो. झाल्यावर भाऊंनी ते दोरीने आढ्याला टांगलं, आणि मी शाळेतून आलो की दप्तर टाकून आधी ते खाली घ्यायचो. पुढे घर पाडलं त्यात गेलं. पण या वयात मी हे नाद करतो — कपाटावर माझा ट्रक आहे, ट्रॅक्टर आहे, एक आगगाडीचं इंजिन आहे — त्याचं मूळ ते विमान.

संध्याकाळी कामिनीला म्हटलं, तुझ्या फोनवर डाकोटा शोध. सापडलं! तेच. खोक्यावरचं चित्रसुद्धा बरंचसं तसंच. ती म्हणाली, "आबा, मागच्या महिन्यातल्या इंजिनाला अजून चाकं नाहीत, आणि नवीन?" मी म्हटलं, हे वेगळं आहे. "दर वेळी वेगळंच असतं," म्हणाली, पण मागवलं.

आखाजीच्या आत यायला हवं. नाही आलं तर?

१२ एप्रिल, शनिवार

आलं! पार्सलवाल्याने चार वेळा फोन केला, मरीमातेच्या देवळापाशी उभा होता आणि मी घाबरून उलटाच गेलो. कामिनी दारातून ओरडली, "आबा, विमान आलंय, धावपट्टी मोकळी करा!" म्हणजे जेवणाचं टेबल.

खोका उघडून आधी वास घेतला. तोच वास. 

भाग तेच. फक्त एक गोष्ट नाही. आमच्या विमानाला डाव्या पंखाखाली एक खळगा होता. विमान हातात धरलं की अंगठा बरोबर त्यात बसायचा. मी तिथेच धरून अंगणभर पळायचो. नवीन पंख अगदी सपाट. कंपन्यांनी हल्ली सगळीकडेच काटछाट केलीय.

भाऊंना ते खटकलं तर? खळगा नाही म्हणून वस्तूच ओळखली नाही तर?

१५ एप्रिल

धड जोडलं. बरोबरचा कागद इंग्रजीत आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला, पण आकडे कळतात, चित्रं कळतात. पुरे. डिंकही नवीन मागवलेला, पाण्यासारखा पातळ, ब्रशने लावायचा. एकदा बाटली कलंडता कलंडता राहिली.

सुपडू येऊन बसला. बालपणापासूनचा दोस्त, बोलायला भीड नाही. "काय रे जीवराम, म्हातारपणी खेळणी? नातीला तरी देतो का?" म्हटलं, तिला हात लावू देत नाही. "मग मेल्यावर बरोबर नेशील! पायलट तूच!" हसून गेला. मला काही हसू आलं नाही. हे कशासाठी चाललंय ते त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तोही गप्प बसला असता, आणि ते जास्त वाईट.

१८ एप्रिल

पंख जोडले. दोन वीत भरतात! पंखे फिरतात. फुंकर मारली की फिरतात. सहा-सात वेळा मारली.

२० एप्रिल, रविवार

चंदेरी रंग दिला. डावीकडे एक ओघळ आला. रंग नवीन जातीचा आहे, लवकर वाळत नाही. बोट लावून पाहिलं, चिकटतो. आखाजी तोंडावर आली. अजून शेपटावरचे पट्टे राहिलेत, चाकं राहिलीत. बसमध्ये न्यायचं कसं?

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी गच्चीवर कामिनी आणि शेजारच्या पुष्पाबाई बिबड्या घालत होत्या. ज्वारीचं शिजवलेलं पीठ कापडावर थापायचं आणि दोन कडक उन्हं द्यायची, की वर्षभराची सोय. मीही विमान घेऊन वर गेलो. आपल्याकडे जे टिकवायचं असतं त्याला ऊन दाखवतात. धान्य, गाद्या, लोणचं, बिबड्या. मग रंगालाच काय झालं?

पुष्पाबाई म्हणाल्या, "आबा, तुमचं विमान आमच्या बिबड्यांवर उतरवू नका हां!"

पत्र्याचा काळा ट्रे घेतला. विमानाचं पोट रंगाने चिकटू नये म्हणून पंखांची टोकं दोन विटकरींवर टेकवली. धूळ बसू नये म्हणून वरून जुन्या फोटोची काच ठेवली, आपण साखरांब्यावर ठेवतो तशी. खाली येऊन जेवलो, जरा आडवा झालो.

चार वाजता वर गेलो.

वाकलं.

दोन्ही पंख मधून खचले. डावा जास्त. मेण वितळावं तसा. काचेला हात लावला तर चटका बसला. बिबड्या मात्र छान कडकडीत!

मी काय केलं हे!

२२ एप्रिल

हाताने सरळ करायला गेलो, करकर वाजलं, सोडून दिलं. उजवा त्यातल्या त्यात बरा आहे. कामिनीला फार वाईट वाटलं, पण तोंडाने म्हणाली, "आबा, प्लास्टिकचं लोणचं घातलं तुम्ही." मग हळूच, "दुसरं मागवू?" पण सध्या माल संपलाय, आखाजीआधी येणार नाही, तिनेच पाहून सांगितलं.

नेऊ की नको? न्यायचं तर वाकडं. न न्यायचं तर रिकाम्या हाताने, आणि रिकाम्या हाताचा माणूस कोण म्हणून ओळखायचा?

२७ एप्रिल

पट्टे लावले. चाकं लावली. नेतो. डावी बाजू भिंतीकडे करून ठेवीन.

२९ एप्रिल

उद्या. जेवण गेलं नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

परत आलो. लिहवत नाही. उद्या.

१ मे, गुरुवार

काल सकाळी मुलाने, हितेंद्रने, मोटारसायकलवर जळगावला सोडलं. बसमध्ये खोका मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाबा, आंबे का? वर ठेवा ना." म्हटलं, विमान आहे. तो हसला, पण मग मला पुढची जागा दिली. पारोळ्याच्या पुढे दर खड्ड्याला मी खोका उचलून धरत होतो. बाजूची बाई म्हणाली, "काय पोर शे का त्यात?"

चंदनच्या ओट्यावर भाऊ खाटेवर बसलेले. पांढरं धोतर, दाढी केलेली. किती वाळले! त्यांना सांभाळायला धुरपदाबाई म्हणून आहेत, त्या मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, देखा, कोन उना शे!"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत. मग हात जोडले.

"रामराम. कोणत्या गावचे?"

इतके दिवस मी याच वाक्याला भीत होतो. आल्यावर कळलं, भिण्याने काही उपयोग झाला नव्हता. मी पायरीवरच बसलो.

"असोद्याचा," म्हटलं.

"असोदा? मीही तिथलाच," म्हणाले. "बसा, पाहुणे."

घागर भरली. आगारी मी टाकली. निखाऱ्यावर पुरणपोळीचा तुकडा, आमरस, तूप. धूर डोळ्यात गेला ते बरं झालं. भाऊ बाजूला बसून शेजाऱ्याकडचं कार्य पाहावं तसं पाहत होते.

जेवणं झाल्यावर खोका उघडला. उघडायचं मनात नव्हतं, चंदननेच विचारलं, "काका, यात काय?" मी ठरवल्याप्रमाणे डावी बाजू आड करून धरलं. भाऊंनी हात पुढे केला. घेतलं. उलटं केलं. वाकलेल्या पंखावरून बोट फिरवलं, आणि चेहरा असा झाला की जणू कोणी दिवा लावला.

"चुलीवर टांगलं व्हतं ना?" म्हणाले. "गरम पाणी आण. उकयतं आण. लवकर!"

आम्ही एकमेकांकडे पाहतोय. चंदनची बायको रूपा पातेलं घेऊन आली. भाऊंनी पंख पाण्यात धरला, मनातल्या मनात काही मोजल्यासारखं ओठ हलवले, बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी ताणला. खालून अंगठा दाबून. धुरपदाबाई ओरडल्या, "हात भाजाई जाई, बाबा!" ऐकतात कुठे! पुन्हा पाण्यात. पुन्हा ताणला. मग गार पाण्याच्या बादलीत. उजवाही तसाच. हात जरासुद्धा कापत नव्हते. 

सारखे दाराकडे बघत होते. मी विचारलं, कोणी यायचंय का?

"शाळा सुटीन आता. जीव्या येईन." मग माझ्याकडे वाकून, अगदी हळू, "त्याले सांगजो नको, पाहुणे. वाकलं व्हतं म्हणून. लई रडते तो."

मी म्हटलं, नाही सांगत.

पंख सरळ झाला होता. भाऊंनी विमान माझ्या हातात दिलं. मी डाव्या पंखाखाली धरलं, लहानपणी धरायचो तिथेच. अंगठा खळग्यात बसला.

म्हणजे कंपनीने कधीच खळगा दिलेला नव्हता.

आढ्याखाली चूल होती, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, केवढी आच! मी शाळेत असताना कधीतरी ते खचलं, आणि मी घरी यायच्या आत त्यांनी सरळ करून परत टांगलं. आईलाही ठाऊक असेल. कोणी बोललं नाही. मी त्या खळग्यात अंगठा ठेवून अंगणात पळत राहिलो.

निघताना विमान भाऊंच्या उशाशी ठेवलं. म्हणाले, "या पुन्हा, पाहुणे." बसमध्ये मांडी मोकळी होती तर हात कुठे ठेवावे कळेना.

६ मे, मंगळवार

चंदनला फोन केला. भाऊ विमानाकडे बघतात का? नाही म्हणाला. सरळ झालेलं विमान समोर असतं, त्याच्यावरून नजर जाते. पण रोज ओट्यावर येऊन विचारतात, "तो असोद्याचा पाहुणा आला का? वाकलेलं काही आणलं का त्याने?" नाही म्हटलं की उठतात, आत जातात, जेवत नाहीत नीट.

कामिनीला म्हटलं, दुसरं मागव. "कशाला आबा? झालं ना ते सरळ?" म्हटलं, मागव.

१० मे

आलं. एवढ्यात! आता जोडायला बसतो.

१३ मे, मंगळवार

पंख जोडून झाले. आज सकाळी गच्चीवर गेलो. काळा ट्रे, दोन विटकरी, वरून काच. कामिनी धावत वर आली, "आबा! पुन्हा? वाकेल ना ते!"

वाकू दे. शनिवारी पाहुणा धुळ्याला जाणार आहे.