आमनाबीची हॅट

१४ मार्च १९९८

शिमगा काल संपला, पण लोकांची तोंडं संपत नाहीत! आज पेणच्या स्टँडवर एक रिक्षावाला ओरडला — "ओ ताई, धुळवड झाली! सोंग उतरवा आता!" चार टाळकी दात काढून हसली. मी ती करडी घातली होती, रुंद काठाची, काळ्या रिबिनीची. माझ्या वयाची असेल ती हॅट, पण काठाला एक लाट नाही. त्या रिक्षावाल्याच्या केसांना जन्मात कंगवा लागलेला नाही आणि तो मला सांगणार डोक्यावर काय घालायचं!

बावीस वर्षं घालते मी फेल्टच्या हॅटा. भंगारातून उचललेल्या, चोरबाजारातून आणलेल्या, कुणाच्या माळ्यावरून मागून आणलेल्या. आठ आहेत. उन्हानं माझं कपाळ उठतं हे खरं, पण ते कारण नाही. आवडतात म्हणून घालते. हे एवढं साधं कुणाला पटत नाही. "मालकांची का?" "सासऱ्यांची का?" अगदी मास्तरीणसुद्धा विचारते! माझी आहे म्हटलं की गालात हसतात.

१७ मार्च

रोह्याला गेले होते. नदीपलीकडे अष्टमी गावात, आमनाबीकडे. गेल्या महिन्यात रोहा स्टँडवर ही बाई आपणहून माझ्याजवळ आली होती. सत्तरीची, पांढरा दुपट्टा. हसली नाही. माझ्या हॅटच्या काठाला बोट लावून म्हणाली, "असली पार चेपली तर नीट व्हते का गो?" मी म्हटलं, होते की. तेव्हापासून येणं-जाणं.

आज तिनं ट्रंकेतून काढून दिली. काय हॅट! तपकिरी, सशाच्या लवेची, काठ चार बोटं. एका बाजूनं साफ दबलेली, कसरीनं दोन ठिकाणी खाल्लेली. पण जातिवंत! तिचे मालक खलीलभाई बोटीवर खलाशी होते, अकरा वर्षांपूर्वी गेले. कुठल्या कुठल्या बंदरावर त्यांच्या डोक्यावर ही फिरली असेल! मी बोलत सुटले. आमनाबी ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "बकरी ईदच्या आत दे. याकूब येतोय कुवेतवरनं. तो यायच्या आत मला ती हवी हाय." याकूब तिचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांनी येतोय.

पदराखाली झाकून आणली. रिक्षावाल्यांच्या नजरेला ही पडायला नको.

२० मार्च

चेपलेल्या हॅटला आधी डोकं लागतं. आतला घेर मापला आणि जगनच्या कारखान्यात प्लॅस्टरचं डोकं ओतलं. खलीलभाई बारीक चणीचे असावेत. जगन म्हणजे माझा धाकटा दीर, गणपतीचा कारखाना त्याचा. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडे. गेली एकोणीस वर्षं त्या कारखान्यातल्या एकाही मूर्तीनं माझ्या हाताशिवाय डोळा उघडलेला नाही.

जगन डोकं बघून म्हणतो, "वहिनी, ह्यो कुठला देव? सोंड लावायची र्‍हायली."

म्हटलं, हात लावू नकोस. कळलं? हात — लावू — नकोस.

२५ मार्च

किटलीच्या वाफेवर धरून धरून मऊ केली. बोटं भाजली. कसरीची भोकं बुजवायला आतल्या चामड्याच्या पट्टीखालची लव ब्लेडनं खरवडून काढली, डिंकात कालवून भरली. आता सांगूनही सापडणार नाहीत. प्लॅस्टरच्या डोक्यावर चढवून, दोरीनं बांधून, कारखान्यातल्या वरच्या फळीवर ठेवली. तिथं वारा चांगला लागतो.

२८ मार्च

काठ ताठ झाला! इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

३० मार्च

कापली.

जगननं कापली! माझ्या हॅटची — माझी कुठली, आमनाबीच्या हॅटची — कातरीनं चकत्या केल्या!

आज नीट लिहवत नाही.

३१ मार्च

नीट लिहिते. परदेशी जाणाऱ्या छोट्या मूर्तींच्या तळाला फेल्टच्या चकत्या चिकटवतात, लोकांच्या काचेच्या टेबलांवर चरे पडू नयेत म्हणून. मुंबईहून येणारं फेल्ट कमी पडलं. पेट्या काल दुपारी बंदरावर जायच्या होत्या. पंचवीस-तीस मूर्ती उघड्या तळाच्या राहिल्या. आमचे भावजी वर बघतात तर फळीवर फेल्ट! घेतली कातर. आधी काठ गोल गोल कापला, मग वरचा भाग. मी दुपारी जेवून आले तर प्लॅस्टरचं डोकं बोडकं आणि खाली चिंध्या. हातभर रिबीन, चामड्याची पट्टी आणि माथ्याचा एक तुकडा. बस.

"अगो वहिनी, तुझ्याकडं आठ हायत! एक गेली तं काय झालं? जुनीच व्हती. आनि बाप्पाच्या पायाखाली गेली, पुण्यच लागल तुला!"

पुण्य! ह्याला पुण्य हवं होतं तर स्वतःची लेंगा-टोपी कापायची होती! म्हटलं पेट्या परत आणव. म्हणाला पेट्या बोटीत चढल्या असतील. म्हटलं तू आंधळा आहेस का, प्लॅस्टरच्या डोक्यावर बांधून ठेवलेली वस्तू म्हणजे कुणीतरी जपून ठेवलेली, एवढं कळत नाही? म्हणाला, "मला वाटलं तुझीच हाय."

माझी असती तर कापायची? माझ्या वस्तूला किंमतच नाही ना! माझी म्हणजे खुळी हौस. खुळीची वस्तू कुणीही घ्यावी, कापावी, चिकटवावी.

ब्रश धुऊन पिशवीत घातले आणि घरी निघून आले.

१ एप्रिल

कामावर गेले नाही.

२ एप्रिल

गेले नाही. जाणार नाही. एकशे चाळीस मूर्ती रंगून उभ्या आहेत, दहा सोडल्या तर एकीलाही डोळे नाहीत. राहू देत. एकानं सुरू केलेल्या खेपेचे डोळे दुसऱ्यानं आखायचे नाहीत अशी आमच्याकडे रीत. नजर बदलते. जगनच्या बापानं घालून दिलेली. मी पहिल्या दहांचे आखलेत, म्हणजे बाकीचे माझेच. बस म्हणावं आता बोंबलत!

कमळाकर पहिल्या शिफ्टवरून आला, रोह्याच्या कंपनीतून. हातपाय धुतले आणि म्हणाला, "जगन आलेला गेटवर. रडकुंडीला आलाय. एका टोपीपायी घर मोडतेस का?" नवरा म्हणून पंचवीस वर्षं ह्या माणसानं माझ्या हॅटांबद्दल वाईट शब्द काढला नाही, आणि आज काढला तर हा!

म्हटलं, टोपी नव्हती ती. एका बाईच्या मेलेल्या नवऱ्याची शेवटची आठवण होती. तुझ्या भावानं त्या माणसाला दुसऱ्यांदा मारलं.

जेवला नाही. मीही नाही.

३ एप्रिल

आमनाबीचा फोन, समोरच्या दुकानात. "झाली का गो?"

मी म्हटलं, सुकतेय.

खोटं! मी! सरळ, धडधडीत! जगनपेक्षा मी काय वेगळी? फोन ठेवला आणि दुकानदार विचारतो, "काय वहिनी, टोपीचं गिऱ्हाईक का?" त्याच्या काउंटरवरची बरणी उचलून डोक्यात घालावीशी वाटली.

५ एप्रिल

जगननं रीत मोडली. गडब गावचा कुणी पेंटर आणून डोळे आखायला बसवला. हौसा, माझी जाऊ, सांगायला आली. चार मूर्ती तिरळ्या झाल्या म्हणे. पाचवीपाशी जगननंच त्याचा हात धरला. "येवो जावबाय," हौसा म्हणाली, "दोन दिस भाकरी गिळली नाय त्यानं." ती माझा हात सोडत नव्हती. जीव तुटला, खोटं का बोलू. पण गेले नाही. मी गेले तर सगळं मिटलं असं होईल. काही मिटलेलं नाही!

७ एप्रिल

उद्या ईद. आज जावंच लागलं. चिंध्या, रिबीन, पट्टी रुमालात बांधून घेतली. शिवाय माझी करडी, सगळ्यांत चांगली, डब्यात घालून.

याकूब आलेला. सोफ्यावर दोन शेजारी, मधोमध हा. मी आमनाबीसमोर रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. सुकतेय म्हणाले ते खोटं, हेही. याकूबनं पट्टी उचलून बघितली. "ही अब्बांची हॅट? मी तर इसरलोच व्हतो. जाऊ द्या ताई, जुनी चीज, कधीतरी जायचीच." चांगला आहे मुलगा. त्याच्या चांगुलपणानं आणखीच मेल्यासारखं झालं.

मी आमनाबीला म्हटलं, खलीलभाईंची एवढी एकच आठवण तुमच्याजवळ होती, ती माझ्याकडे येऊन गेली. माझी ही घ्या, त्यांच्या नावानं ठेवा.

ती भिंतीकडे बोट करून म्हणाली, "त्यांचा फोटो हाय ना तिथं." डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. "चा घे. गार व्हतोय."

रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सबंध रस्ताभर एसटीत जगनला शिव्या घालत आले. मनात, पण ओठ हलत असणार. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

१० एप्रिल

जगन घरी आला. उंबऱ्यातच बसला, आत येईना. "चुकलं वहिनी. म्हन्शील तं मी जातो अष्टमीला, त्या म्हातारीचं पाय धरतो."

त्याचं तोंड उतरलेलं, दाढी वाढलेली. आणि मी! मी सोडलं नाही. दहा-बारा दिवसांचं साचलेलं सगळं त्याच्यावर ओतलं. म्हटलं, पाय धरून तिचा नवरा परत येणार आहे का? हात उचलण्याआधी एक शब्द विचारायचा होतास. कुणाची आहे ही? तीन शब्द! तोंड आहे ना तुला? विचारलं का नाहीस? तुला वाटलं! तुम्हाला सगळ्यांना नुसतं वाटतं!

उठून गेला. कमळाकर म्हणाला, "बास कर गो आता." मी केलं नाही. तो आत जाऊन पडला तरी मी भिंतीशी भांडत होते.

१४ एप्रिल

आमनाबी आली. एकटी, रोह्याहून एसटीनं, पत्ता विचारत विचारत. मी पाणी दिलं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि उभ्यानंच बोलली.

"त्यांची नव्हती ती. माझी व्हती. लगीन झाल्यावर बोट लागलेली मुंबईला, तवा बाजारात मी बघितली आनि हट्टानं घेतली. त्यांनी कधी डोक्याला लावली नाय. मी घालायचे. घरात कोन नसताना, दार लावून, आरशासमोर. याकूबला पन ठाव नाय. त्या दिशी तुला बघितलं स्टँडवर, भर उन्हात, मान ताठ. म्हटलं ही घालते, तं मी पन घालीन. लेकाला आनायला पनवेल स्टेशनात जानार व्हते ती घालून. सगळे म्हनतात त्यांची, म्हटलं म्हनू देत. तू पन तेच म्हनशील असं नव्हतं वाटलं गो."

मी म्हटलं, बसा. ती बसली नाही. चारची गाडी होती.

तिला स्टँडपर्यंत पोचवलं. ते तीन शब्द मीही विचारले नव्हते. मग ब्रशांची पिशवी घेऊन कारखान्यात गेले आणि जगनला म्हटलं, मूर्ती काढ.