एक जूनवाले

१४ मे २०२५

काय ती शोकसभा! वाशीचा एसी हॉल, स्टेजवर केशरचा दाराएवढा फोटो — आणि फोटोत तिला गोरी केलीय. अडतीस वर्षं संसार केला, इतकी गोरी माझी बायको एक दिवसही नव्हती. जिवंतपणी बालगृहात हिला धड खुर्ची दिली नाही, जिन्यात बसून कागद लिहायची. मेल्यावर दाराएवढा फोटो.

बालगृहाचे अध्यक्षसाहेब बोलले. "केशरताईंनी संसाराचा विचार केला नाही. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमधून मुलं आणली, त्यांना माया दिली." टाळ्या! ज्याचा विचार केला नाही तो संसार पहिल्या रांगेत बसलाय, हे साहेबांच्या लक्षातही आलं नाही. बरं, खोटंही बोलले नाहीत. एकतीस वर्षं संध्याकाळचं वरण मीच लावलं. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे तक्रार करायला मी एकटाच.

पाच जणांनी तिला 'अनाथांची माय' म्हटलं. तिच्या हातचा शिरा पाचांपैकी एकानंही खाल्लेला नाही. समोसे मात्र गरम होते.

१७ मे

अस्मिता आली होती — बालगृहाची नवी अधीक्षक. केशरची निळी वही पाहिजे म्हणे. साहेबांना ती काचेच्या कपाटात ठेवायचीय. आत लाइटसुद्धा लावणार!

वहीची भानगड अशी. सापडलेल्या पोराची जन्मतारीख कोणालाच माहीत नसते. वय डॉक्टर अंदाजानं सांगतात, तारीख मात्र सगळ्यांची एकच पडते — १ जून. शाळेच्या सोयीची. केशरला त्याचा भयंकर राग. "सगळी पोरं काय एकाच दिवशी आभाळातून पडली?" मग ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून पोरासमोर जमिनीवर अंथरायची. तुझा दिवस तू निवड. एकानं कुत्रीला पिल्लं झाली तो दिवस घेतला. एका पोरीनं चार महिने लावले! केशर थांबायची. दोघांना एक तारीख द्यायची नाही, हा तिचा नियम. पोरानं बोट ठेवलं की वहीत नोंद, आणि दरवर्षी त्या दिवशी त्या एकट्याच्या नावानं शिरा.

अस्मिता म्हणते, "काका, हे आता मॅनेज नाही होत. सगळ्यांचा कॉमन बर्थडे करतोय, १ जूनला. एकच मोठा केक. पाहुणे पण येतील, फोटो होतील."

म्हणजे वही काचेत आणि वहीतलं काम कचऱ्यात. वा रे वा!

नाही दिली वही. का नाही दिली कोण जाणे, मला ती काय करायचीय? माझीही कागदावर १ जूनच. आई सांगायची, भात लावणीच्या टायमाला झालास. शाळेत मास्तरांनी १ जून ठोकून दिली. आणि केशरनं त्या दिवशी मला एकदाही शुभेच्छा दिल्या नाहीत! "ती तुमची नाही, मास्तरांची." परक्या पोरांना शिरा, नवऱ्याला ठेंगा.

२० मे

दाढी केली. बाकी काही नाही.

२३ मे

सकाळीच अस्मिताचा फोन. काशी नावाची नऊ वर्षांची पोरगी हट्टाला पेटलीय. शाळेचा फॉर्म ३१ तारखेच्या आत भरायचा, आणि १ जून म्हटलं की ही फॉर्म फाडते. दोन फाडले! "काका, तुम्ही समजवा ना. तुमची पण १ जूनच ना?"

मी नमुना म्हणून जायचं! गेलो तरी. काशी जिन्यातच बसली होती, केशरच्या पायरीवर.

मी म्हटलं, "टाकू दे की १ जून. माझं काय अडलं?"

"ताई बोलली, घाई नाय करायची. मी इचार करत होते, तर ताईच मेली."

असं तोंडावर! शोकसभेत निधन झालं, देहावसान झालं, प्राणज्योत मालवली. मेली असं कोणी म्हटलं नाही. मला रडू आलं, ती गेल्यापासून पहिल्यांदाच. पोरीचा रागच आला.

"तुमाला कोनी दिली १ जून?"

"मास्तरांनी."

"तुमाला इचारलं नाय?"

"नाही. मला कोणी विचारलं नाही."

"मग आधी तुमी निवडा. मंग मी."

अडुसष्ट वर्षांचा माणूस मी! चहा न घेताच निघालो.

२९ मे

अस्मिता पुन्हा फोनवर. "मीच भरून टाकते काका, १ जून. ती खेळायला गेली की. तिला कळणार पण नाही."

कळणार नाही! मला तरी कुठे कळलं होतं? म्हटलं, दोन दिवस थांब. फोन ठेवला आणि वही काढली — अस्मिताला नियम दाखवावा म्हणून, दुसरं काही नाही.

वही मीच आणली होती, रबाळ्याच्या कंपनीत स्टोअरकीपर असताना. त्यानंतर कधी उघडली नाही. शेवटची नोंद काशीची. तारखेची जागा कोरी, पुढे "विचार करतेय."

मग पहिलं पान काढलं. वाटलं १९९४ असेल, तिला बालगृहात नोकरी लागली ते साल. नाही. १ जून १९८७. आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते.

"क्र. १. शिवराम. वय ३०. तारीख विचारली. हसले. म्हणाले, ड्युटीला उशीर होतोय, नंतर सांगतो. घाई नाही."

माझ्या नावापुढे जागा कोरी.

विचारलं होतं तिनं. आता आठवतंय, कॅलेंडर पलंगावर अंथरलं होतं. मी त्यावर डबा ठेवला आणि चपला घातल्या. अडतीस वर्षं ती थांबली, आणि मी शहाणा पोरीला सांगून आलो, मला कोणी विचारलं नाही!

३० मे

क्र. १ समोर आजची तारीख लिहिली. शिरा केला, खाली लागला. डब्यातून कळंबोलीला बालगृहात नेला. काशीनं दोनदा घेतला, वर म्हणाली, "करपलाय." मग कॅलेंडरवर बोट ठेवलं — ३१ मे. तिला माझ्या शेजारचा दिवस पाहिजे होता. अस्मितानं फॉर्मवर तोच लिहिला.

उद्या पुन्हा शिरा करायचाय. रवा संपलाय.