एकोणिसावं प्रकरण

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय पुंडलिक,

खटाक्-खट्, खटाक्-खट्, खटाक्-खट्. आज सकाळपासून गुलमंडीच्या बोळातल्या प्रेसचं ते छपाईचं पायमशीन माझ्या कानात चालू झालंय, थांबायला तयार नाही. त्या ठेक्यावर भुजंगप्रयात अगदी नेमकं बसायचं. प्रुफांच्या गठ्ठ्यावर बोटं वाजवत आपण दोघं आठवीच्या पुस्तकातली नदीची कविता चालीवर म्हणायचो, आणि तिसऱ्या कडव्यात तू हमखास अडखळायचास. मला ती अजून सगळी पाठ आहे. तुझ्या शाली आणि सन्मानचिन्हं असतील घरभर, पण तिसरं कडवं माझ्याकडे आहे.

सप्रेम जय भीम. पूर्वी तुला पत्र लिहिताना मी नुसतं ‘नमस्कार’ लिहायचो. तसं लिही म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, हातच तसा वळायचा. आता चौऱ्याहत्तरी गाठली, हात सरळ झाला.

सरितावहिनींचे गुडघे कसे आहेत? पुण्याची थंडी त्यांना सोसत नाही असं ऐकलं. माझी साखर आटोक्यात आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू दिवाळीआधीच निघाले, त्यामुळे बारीक अक्षर पुन्हा दिसायला लागलं. तळटीपासुद्धा दिसतात. हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, तर पत्र योग्य माणसाला पोचलं म्हणायचं.

रविवारच्या कार्यक्रमाला तू येतोयस हे शेंद्र्याच्या शाळेच्या सोनिया मॅडमनी सांगितलं. फोनवर तुझा आवाज भरून आला होता म्हणे. ‘कोरडी बारव’ शेंद्र्याच्या पोरांच्या हातात पडणार, आणि त्या कादंबरीचा संपादक म्हणून प्रमुख पाहुणे तुम्ही! मॅडमना तुझं नाव मीच सुचवलं होतं. आभार मानू नकोस. आधी पुढचं वाच.

महिन्यापूर्वी मॅडम घरी आल्या. पिशवीतून तीन पुस्तकं काढली आणि ओळीनं टेबलावर मांडली. म्हणाल्या, “गुरुजी, माजी विद्यार्थी तीनशे प्रती देणार आहेत. नववी-दहावीची पोरं. घरात पुस्तक म्हणून हेच पहिलं असणार लई जणांच्या. कादंबरी एकच, पण या तीन आवृत्त्या. तुम्ही बोट ठेवाल ती घेऊ.”

पहिली तुझी. सातवं पुनर्मुद्रण, कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, एकेचाळीस पानांची प्रस्तावना. मागच्या घडीवर तुझा फोटो, हनुवटीला हात लावून. दुसरी पैठण गेटच्या फूटपाथवरची, तुझीच चोरून छापलेली, काही पानं तिरकी, शेवटच्या ओळी कापलेल्या. तिसरी लातूरकडच्या कुण्या नव्या प्रकाशकाची. कागद साधा, प्रस्तावना नाही, मुखपृष्ठावर एक घागर, बस्स.

मॅडमचा हात आपसूक तुझ्या पुस्तकाकडे गेला. “ही भारदस्त दिसते, नाय का?”

मी म्हणालो, “मॅडम, पुस्तक पारखायचं तर बाहेरून बघू नये. मधलं पान उघडावं. एकोणिसावं प्रकरण काढा.”

आता तुला कथानक सांगायचं म्हणजे हसू येण्यासारखंच आहे. पण सांगतो, कारण तू ते विसरल्यासारखा आयुष्यभर वागलास. दुष्काळ पडलेला. गावाच्या बारवेत गुडघाभर पाणी, आणि खालच्या वस्तीला तिची पायरी बंद. एकोणिसाव्या प्रकरणात त्या वस्तीतली गजरा भरदुपारी घागर घेऊन बारवेत उतरते. बावन्न पायऱ्या, एकेक मोठ्यानं मोजत. काठावर सगळा गाव जमलेला. ती ओंजळीनं पाणी पिते, घागर भरते आणि उलटे आकडे मोजत वर येते. दुसऱ्या दिवशी गाव सगळी बारव दगडांनी भरून टाकतो. स्वतः तहानलेला राहतो, पण भरून टाकतो. त्या प्रकरणावर अख्खं पुस्तक उभं आहे.

तुझ्या आवृत्तीत ते नाही. अठराव्यात बारवेत पाणी आहे, पुढच्या पानावर बारव दगडांनी भरलेली आहे. मधे काय झालं? तर पानाच्या तळाशी तुझी टीप: “कालौघात बारव बुजली असावी.” पुंडलिक, प्रकरण गाळलंस ते एक. पण कालौघात! काळाला कामाला लावलंस तू. दगड उचलणारे हात झाकायला एवढा मोठा काळ आणून उभा केलास. आणि गाळलेली जागासुद्धा कुणाला दिसू नये म्हणून पुढचे सगळे आकडे सलग. पस्तीस प्रकरणांची चौतीस झाली आणि कुठं फट दिसत नाही.

मी लातूरची आवृत्ती उघडली. एकोणीस. गजरा पहिल्या पायरीवर उभी होती. मॅडमनी तिथंच उभ्यानं वाचलं, मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा वाचलं. तुझी प्रत त्यांनी पिशवीत परत टाकली ती माझ्याकडे न बघताच.

तर रविवारी वाटल्या जाणार आहेत त्या तीनशे प्रती तुझ्या नाहीत. तुला शाल मिळेल, हारही मिळेल. मग मी उभा राहीन आणि एकोणिसावं प्रकरण मोठ्यानं वाचीन, सगळं, बावन्नच्या बावन्न पायऱ्या. तू समोर बसलेला असशील, मांडीवर नारळ, आणि पोरं तुझ्याकडे बघत असतील. वाचून झालं की तुझी तळटीप वाचीन. एकच ओळ आहे, फार वेळ लागायचा नाही.

हे आधी का कळवतोय? तिथं अचानक कळलं तर तू छातीवर हात ठेवून लोकांची सहानुभूती घेऊन जाशील, ओळखतो मी तुला. शिवाय हे पत्र शुक्रवारी पोचेल. दोन दिवस तूही या विचारात घालव, मी शेहेचाळीस वर्षं घालवलीत. आणि न येण्याचा विचार असेल तर ऐक: खुर्ची मांडलेलीच राहील, तुझ्या नावाची चिठ्ठी लावून. मी खुर्चीकडे बघून वाचीन. पोरांना ते जास्त लक्षात राहील.

किती बरं वाटलं हे लिहून! चहा घेऊन आलो.

करुणाबद्दल तुला काही माहीत नसेल. माझी नात, अभयची मुलगी, मराठीत एम. ए. करते. तुझी आणि लातूरची आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून ती पेन्सिलीनं ओळ न् ओळ ताडून बघतेय. परवा, सोमवारी, पोहे खाता खाता म्हणाली, “आजोबा, गाळलं संपादकानं, हे कळलं. पण आकडे कुणी बदलले? संपादक थोडाच एकेक आकडा खोडत बसणार? ते प्रूफ बघणाऱ्याचं काम.”

मी म्हणालो, “प्रेसवाल्यांनी केलं असेल.”

“प्रेसवाले आपल्या मनानं करतात व्हय आजोबा?” एवढं बोलून हसली आणि उठून गेली. माझे पोहे तसेच राहिले.

पुंडलिक, ही मुलगी माझ्यावर गेली नाही. माझ्या आईवर गेली आहे. माझी आई भामाबाई तुला आठवत असेल, खुलताबादला आमच्या अंगणात तुला गूळ-शेंगदाणे द्यायची, आणि तू ते घेताना एकदा रस्त्याकडे बघून घ्यायचास. तिला अक्षरओळख नव्हती. तुझ्या काकांच्या कपाटातली पहिली आवृत्ती आपण आठवीत चोरून आणली, तेव्हा एकोणिसावं प्रकरण मी तिला वाचून दाखवलं होतं. ती भाकरी थापायची थांबली. “पुन्यांदा वाच,” म्हणाली. त्या उन्हाळ्यात मी ते तिला किती वेळा वाचून दाखवलं असेल, मोजदाद नाही. शेवटी शेवटी तर पायऱ्या तीच मोजायची.

आणि मग तुझी नवी आवृत्ती आली. मी प्रत घरी नेली. तिनं पदरानं पुसून मांडीवर घेतली, म्हणाली, “त्या पायऱ्यावालीचं वाच रे सांडू.”

“ते यात नाय माय.”

“कुणी काढलं?”

“छापणाऱ्यांनी.”

त्यावर तिनं छापणाऱ्यांना जी शिवी घातली, ती मी समोर बसून ऐकली.

आता इथवर आलोच आहे तर लिहून टाकतो. तुला सगळं ठाऊकच आहे, पण कागदावर कधी आलं नव्हतं. एकोणऐंशीचा एप्रिल. तू मूळ पुस्तकातून मोठ्यानं वाचत होतास, मी समोर प्रुफं घेऊन लाल पेन्सिलीनं तपासत होतो. अठरावं संपलं. तू एकदम बरीच पानं उलटलीस. मी विचारलं, “एकोणीस?” तू म्हणालास, “शाळांसाठी मंजुरी पाहिजे, त्यात हे प्रकरण नको म्हणतात, आणि हो, काकांशी बोललोय मी, जूनमध्ये त्यांच्या शाळेत तुझी कायमची ऑर्डर निघेल.” सगळं एका दमात. मधे कुठं थांबला नाहीस, आणि मला थांबायला जागा दिली नाहीस.

हे खोटं आहे. जागा होती. दुपार होती, मशीन बंद होतं, रस्त्यावरून एक टांगा गेला. मला पुरेसा वेळ होता.

मी एकोणीसची प्रुफं गठ्ठ्यातून काढून पालथी ठेवली. मग वीसचं एकोणीस केलं, एकवीसचं वीस, असं पस्तिसाव्यापर्यंत. सोळा आकडे, लाल पेन्सिल, वळणदार अक्षर. तू काही सांगितलं नव्हतंस. फट दिसू नये हे मलाच सुचलं. प्रेसमधला अक्षरांचे खिळे जुळवणारा राजेंद्र आत आला, आपल्याहून चार वर्षांनी मोठा, हात शाईनं काळे. म्हणाला, “एकोणीसचं जुळवून झालंय गुरुजी, तीन दिस लागले. मोडू का?” तू खिडकीबाहेर बघायला लागलास. मी म्हणालो, “मोड.” मग एकेक खिळा त्याच्या खणात पडत राहिला, संध्याकाळपर्यंत.

जूनमध्ये ऑर्डर निघाली. पुढं अठ्ठावीस वर्षं तुझ्या काकांच्या शाळेत मी कादंबरी म्हटलं की तुझीच आवृत्ती पोरांना वाचून दाखवत होतो. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “बारव आपोआप कशी बुजंल गुरुजी? दगडं चालत आली व्हय?” वर्ग हसला. मी म्हणालो, “खाली टीप दिलीय ती वाच. बस खाली.” ती बसली. तिचं नाव आठवायचा मी फार प्रयत्न केला, आठवत नाही.

पण हुरळून जाऊ नकोस. यातलं अक्षरही रविवारी मी बोलणार नाही. हे पत्र तुझ्यासाठी आहे, शेंद्र्यासाठी नाही. प्रेस बंद पडून तीस वर्षं झाली, प्रुफं केव्हाच रद्दीत गेली, राजेंद्र हयात असला तरी कुठं असेल कुणास ठाऊक. उरलो तू आणि मी. तू उठून सांगशील, सांडूनंच आकडे बदलले म्हणून? सांग की! प्रस्तावनेच्या शेवटी तू आभार मानलेस ते “प्रुफं तपासणाऱ्या एका स्थानिक मित्राचे”. माझं नाव दोन अक्षरांत मावलं असतं. तेवढी शाई खर्च केली असतीस तर आज तुझ्या कामी आली असती. आता भर सभेत स्थानिक मित्र शोधत बस. मी पहिल्या रांगेत, स्वच्छ धोतर नेसून, हातात पुस्तक घेऊन बसलेला असेन, आणि करुणा माझा फोटो काढत असेल.

हे वाक्य लिहून झालं आणि दार वाजलं. करुणाचा आवाज येतोय.

“आजोबा, बाहेर या! तुम्हीच म्हणालात ना, प्रेसवाल्यांनी केलं असेल? दोन दिवस सगळी गुलमंडी पालथी घातली. एका लग्नपत्रिका छापणाऱ्यानं पत्ता दिला. प्रेसवाल्यांनाच घेऊन आलेय!”

आणि तिच्यामागून दमलेला, खरखरीत आवाज, “सांडू गुरुजी हायेत का घरात? म्हणावं गुलमंडीचा राजेंद्र आलाय. पोरगी काय काय इचारती, मला म्हातारपणी लई आठवाया लावती. म्हटलं, चल, गुरुजींच्या समोरच सांगतो.”

त्याला वाकता येत नाही, करुणा त्याच्या बुटाचे बंद सोडतेय. तेवढाच वेळ माझ्यापाशी आहे.

हे पत्र मी बदलत नाही. वर लिहिलंय ते तसंच राहू दे, मी कसा आहे ते तुला दिसू दे. पण तिला आधी माझ्या तोंडून कळलं पाहिजे, त्याच्या नाही. मी उठतो. मॅडमना संध्याकाळी फोन करून सांगेन, रविवारी मंचावर आणखी एक खुर्ची लागेल. प्रकरण मीच वाचणार, टीपही मीच वाचणार, त्यात तुला सूट नाही. आणि आकडे कुणी बदलले ते सांगून झालं की पहिल्या रांगेत परत जाणार नाही.

ये. पळून जाऊ नकोस.

तुझ्या शेजारच्या खुर्चीतला,
सांडू