केकला तीन अंडी

चि. अखिला,

तिसरं अंडंही अप्पांनी स्वतःच फोडलं. जन्मात शिवले नव्हते ते अंड्याला. तू पाठवलेल्या केकच्या तयार पिठाच्या खोक्यावर तीन अंडी लिहिली होती. राजवाड्यामागच्या गल्लीतून, सगळ्यांना दिसतील अशी हातात धरून त्यांनीच आणली. मासे खाणाऱ्या घरात लग्न केलंस म्हणून चार वर्षं तुझ्याशी न बोललेला हा माणूस!

"अंड्यांऐवजी दही घाला की," मी म्हटलं.

"नैवेद्य आहे का हा? लेकीनं पाठवलाय. तिच्या रीतीनंच होईल."

कुकरमध्ये केक छान फुगला. कापल्यावर आत टुटीफ्रुटीचे लाल-हिरवे ठिपके दिसले. पहिला तुकडा त्यांनीच खाल्ला. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

एवढं काल लिहून ठेवलं होतं, आणि आज सकाळी त्यांनी स्वतः तुला फोन केला. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझी,
आई